नेच्याचे पान की नेच्यासारखे पान?

दर वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर आमच्याकडे दगड येऊ लागतात. कोणी शिक्षक वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन येतात, कोणी विद्यार्थी दप्तराच्या तळातून काढून टेबलावर ठेवतो. सहलीत, शेतात, विहिरीच्या खोदकामात किंवा कोळशाच्या खाणीजवळच्या ढिगाऱ्यात सापडलेला हा दगड असतो आणि त्यावर पानासारखे काहीतरी उमटलेले असते. प्रश्नही जवळजवळ ठरलेला असतो: “सर, हे नेच्याचं पान आहे ना?”

ह्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्यात खरे तर तीन प्रश्न दडलेले आहेत. दगडावर दिसते ते मुळात पान आहे का? पान असेल, तर त्याचा आकार कोणता? आणि ते पान ज्या वनस्पतीचे होते, ती नेचा होती का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे साध्या भिंगाने मिळू शकतात. तिसऱ्या प्रश्नाने मात्र मोठमोठ्या तज्ज्ञांना शंभर वर्षांहून अधिक काळ चकवले. त्या चकव्यातून बाहेर पडायला मदत झाली ती हौशी संग्राहकांची. म्हणून ही हकीकत शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावीशी वाटते.

पान नसलेले पान

महाराष्ट्रात आमच्याकडे येणाऱ्या ‘नेच्यां’पैकी बरेचसे पान नसतातच. बेसाल्टच्या किंवा चुनखडीच्या फटीत, अकीकाच्या पोटात काळ्या-तपकिरी रंगाची अतिशय सुंदर नक्षी दिसते. एका बारीक खोडाला फांद्या, फांद्यांना उपफांद्या, त्यांनाही तुरे. पाहताक्षणी कोणीही नेचा म्हणेल. पण ही नक्षी खनिजाची असते. मँगनीजची संयुगे विरघळलेले पाणी खडकाच्या बारीक फटीत शिरते आणि तेथे मँगनीजचे ऑक्साइड हळूहळू साचत फांद्याफांद्यांनी पसरते. थंड प्रदेशात खिडकीच्या काचेवर हिमाची नक्षी उमटते, तसाच हा प्रकार. तिला डेंड्राइट म्हणतात. ‘डेंड्रॉन’ म्हणजे ग्रीक भाषेत झाड.

ओळखायचे कसे? पानाला शिस्त असते. मधली शीर, तिच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरावर पर्णिका, टोकाकडे त्या क्रमाने लहान होत जाणार आणि प्रत्येक पर्णिकेत पुन्हा शिरा असणार. डेंड्राइटच्या फांद्यांना असा क्रम नसतो. त्यांत शिरा दिसत नाहीत, आणि पुष्कळदा सगळी ‘झाडे’ एकाच फटीच्या कडेवरून उगवलेली दिसतात. दुसरी खूण खडकाची. बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात नाजूक पान जशाच्या तसे टिकणे जवळजवळ अशक्य. मात्र दोन लाव्हांच्या थरांमध्ये कधी कधी तळ्यातल्या गाळाचे थर सापडतात आणि त्यांत वनस्पतींचे खरे जीवाश्म असतात. म्हणून दगड कोणत्या थरातला, हे पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

नागपूरचा पाद्री आणि जिभेच्या आकाराचे पान

आता खऱ्या पानांकडे वळू. त्यासाठी विदर्भात जावे लागेल. नागपूरजवळचे कामठी, उमरेड, आणि वर्धा नदीच्या खोऱ्यातले चंद्रपूर, बल्लारपूर, वणी हा आपला कोळशाचा पट्टा. येथील गाळाचे खडक पर्मियन काळातले, म्हणजे ढोबळमानाने तीस ते पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

१८४५ साली स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी नागपूरला आला. भूविज्ञान हा त्याचा पेशा नव्हता, छंद होता. रॉबर्ट हंटर ह्या सहकाऱ्याबरोबर भटकंती करताना त्याने नागपूर परिसरातले जीवाश्म गोळा करायला सुरुवात केली. कामठी, सिलेवाडा येथल्या खडकांत त्याला पानांचे ठसे मिळाले. ते त्याने इंग्लंडला पाठवले आणि तेथे चार्ल्स बनबरी ह्यांनी १८६१ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतल्या एका लांबट पानाला बनबरींनी हिस्लॉपचेच नाव दिले. १८६३ साली हिस्लॉप बुडून मरण पावला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे. जीवाश्मांच्या पुस्तकांतही त्याचे नाव एका पानाला चिकटून राहिले आहे.

हिस्लॉपच्या संग्रहातले महत्त्वाचे पान होते ग्लोसॉप्टेरिस. हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ अडॉल्फ ब्राँन्यार ह्यांनी १८२८ साली भारत आणि ऑस्ट्रेलिया येथल्या नमुन्यांना दिले होते. ग्रीक भाषेत ‘ग्लोसा’ म्हणजे जीभ आणि ‘प्टेरिस’ म्हणजे नेचा. जिभेच्या आकाराचा नेचा! पान एकसंध, कडा अखंड, मधोमध ठळक शीर आणि तिच्यापासून कडेपर्यंत शिरांचे जाळे. लांबी काही सेंटिमीटरपासून फूटभर किंवा त्याहून अधिक.

ब्राँन्यार ह्यांनी त्याला नेचा का म्हटले, ते समजून घेतले पाहिजे. नेचा म्हटला की कुंडीतला किंवा हंसराजाचा, बारीक पर्णिकांचा पसारा डोळ्यांपुढे येतो. पण पावसाळ्यात महाबळेश्वरला किंवा माथेरानला गेलात तर झाडांच्या खोडांवर लांबट, एकसंध, जाळीदार शिरांच्या पानांचे नेचे सहज दिसतील. त्यांच्याकडे पाहिले की ग्लोसॉप्टेरिसची आठवण होतेच. म्हणजे ब्राँन्यार ह्यांचा अंदाज भलता नव्हता, तो आकारावर आधारलेला होता. अडचण तेथेच होती.

नेचा कशावरून?

ते महाबळेश्वरचे पान उलटून पाहा. पाठीमागे तपकिरी ठिपके दिसतील. मुले पुष्कळदा त्यांना कीड समजतात. हे ठिपके म्हणजे बीजाणुधानींचे पुंजके. त्यांतून धुळीसारखे बारीक बीजाणू बाहेर पडतात. नेच्याची ओळख ह्या ठिपक्यांत आहे: नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही, फक्त बीजाणू.

ह्याउलट बी धरणारी वनस्पती म्हणजे वेगळे घराणे. बीमध्ये तयार गर्भ असतो, त्याची शिदोरी असते आणि वर कवच असते. बीजाणू आणि बी ह्यांतला फरक हा वनस्पतींच्या वर्गीकरणातल्या मोठ्या सीमारेषांपैकी एक आहे.

आता जीवाश्मांची अडचण लक्षात येईल. झाड कधीच सबंध सापडत नाही. पान एका थरात, खोड दुसऱ्या, मूळ तिसऱ्या, बी आणखी कोठे. म्हणून पुरावनस्पतिशास्त्रात प्रत्येक तुकड्याला वेगळे नाव देण्याची पद्धत पडली. ग्लोसॉप्टेरिस हे पानाचे नाव. त्याच थरांत मणक्यांच्या माळेसारखे दिसणारे जीवाश्म मिळतात, त्यांना व्हर्टेब्रारिया असे नाव होते. ती ग्लोसॉप्टेरिसच्याच झाडाची मुळे आहेत, हे नक्की व्हायला विसावे शतक बरेच सरावे लागले.

न सापडणारे ठिपके

युरोप-अमेरिकेतल्या कोळशाच्या थरांत ग्लोसॉप्टेरिस नाही. तेथले थर त्याहून जुने, तीस कोटी वर्षांपलीकडचे, कार्बोनिफेरस काळातले. त्यांत नेच्यासारख्या पानांची एवढी रेलचेल आहे की त्या काळाला ‘नेच्यांचे युग’ असेच नाव पडले होते. ह्या पानांची ओळख आजही पर्णिका देठाला कशी जोडलेली आहे, ह्यावरून करतात. पर्णिका संपूर्ण तळाने चिकटलेली आणि दोन्ही कडा समांतर, तर पेकोप्टेरिस. तळ आक्रसून जवळजवळ एका बिंदूने टेकलेली, हृदयाकृती, शिरा कमानदार, तर न्यूरोप्टेरिस. तळ देठावरून खाली ओघळलेला, तर अलेथोप्टेरिस. पाचरीसारख्या खंडांची, तर स्फीनोप्टेरिस. हौशी संग्राहकाला एवढी चार रूपे आली की कार्बोनिफेरस पानांची प्राथमिक वर्गवारी त्याला जमते.

पण ही आकारांची नावे आहेत, घराण्यांची नव्हेत. ऑस्ट्रियाच्या डिओनिस श्टूर ह्यांनी १८८३ साली एक साधी पण मार्मिक गोष्ट दाखवून दिली. पेकोप्टेरिसच्या पानांमागे बीजाणुधानी सापडतात. मात्र न्यूरोप्टेरिस, अलेथोप्टेरिस ह्यांची असंख्य पाने गोळा होऊनही एकावरही त्या सापडलेल्या नव्हत्या. मग ह्यांना नेचे का म्हणायचे?

उत्तर १९०३ साली मिळाले. इंग्लंडमधल्या कोळशाच्या थरांत चुनखडीचे गोळे सापडतात आणि त्यांत वनस्पतींची आतली रचना पेशींसकट टिकलेली असते. फ्रान्सिस ऑलिव्हर आणि ड्यूकिनफील्ड स्कॉट हे दोघे अशा गोळ्यांतले एक बी तपासत होते. बीभोवतीच्या आवरणावर टाचणीच्या डोक्यासारख्या ग्रंथी होत्या. अगदी तशाच ग्रंथी एका ‘नेच्या’च्या खोडावर आणि पानाच्या देठावर होत्या. त्या थरांतल्या दुसऱ्या कोणत्याही वनस्पतीवर त्या दिसत नव्हत्या. बी आणि पान एकमेकांना जोडलेले सापडले नव्हते, तरी ग्रंथींनी नाते सांगितले. हा ‘नेचा’ बिया धरत होता! अशा वनस्पतींना पुढे ‘बीजी नेचे’ म्हणू लागले. हे नावही फसवेच आहे, कारण त्या नेचे नव्हतेच. पानांचा आकार नेच्याचा, वंश बीजधारींचा. ‘नेच्यांच्या युगा’तले कितीतरी नेचे एका फटक्यात यादीतून गळाले.

मातीच्या खाणीतला शोध

ग्लोसॉप्टेरिसचे काय? त्याच्याही पानामागे खात्रीलायक बीजाणुधानी मिळत नव्हत्या. आसपास बिया सापडत, पण त्या कोणाच्या, हे सांगता येत नव्हते. शंका होती, पुरावा नव्हता. १९५० सालापर्यंत पान सापडत होते भारतात, ऑस्ट्रेलियात, आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत आणि अंटार्क्टिकावर. हजारो नमुने संग्रहालयांत होते आणि तरीही वनस्पती कोणती, हे ठाऊक नव्हते.

दक्षिण आफ्रिकेत फाल नदीकाठी फेरीनिखिंग नावाचे गाव आहे. तेथे एका मातीच्या खाणीत एस. एफ. ले रू हे हौशी संग्राहक चिकाटीने जीवाश्म गोळा करीत. त्यांच्या संग्रहात काही पाने अशी होती की त्यांच्या मध्यशिरेवर आणखी काहीतरी जोडलेले होते. जोहान्सबर्गच्या विद्यापीठातल्या एड्ना प्लमस्टेड ह्यांनी ती पाने अभ्यासली आणि १९५२ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पानाच्या शिरेपासून निघालेला देठ, त्याच्या टोकाला चपटा प्रजननाचा अवयव, आणि हे सारे ग्लोसॉप्टेरिसच्या पानाला जोडलेले. प्लमस्टेड ह्यांनी ह्या अवयवाचा जो तपशीलवार अर्थ लावला, तो सगळाच पुढे मान्य झाला नाही. पण जोड खरी होती.

१९७७ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या, पेशींसकट टिकलेल्या जीवाश्मांनी ह्या अवयवांवर बिया असल्याचे दाखवले. तेथल्याच जीवाश्मांत २००३ साली त्याहून नवल दिसले: ग्लोसॉप्टेरिसच्या परागनलिकेत पोहणाऱ्या शुक्रपेशी! पोहणाऱ्या शुक्रपेशी नेच्यांत असतात, आणि आजच्या बीजधारींपैकी केवळ सायकस व त्याचे भाऊबंद आणि गिंको ह्यांच्यात त्या उरल्या आहेत. आज आपण म्हणतो, ग्लोसॉप्टेरिस हा नेचा नव्हता. तो पानझडी वृक्ष होता, बिया धरणारा. बीजधारींमध्ये त्याचे जवळचे नातलग कोण, ह्याबद्दल मात्र अजून एकमत नाही.

ह्या फरकाला एवढे महत्त्व का?

पान नेच्याचे की बीजधारीचे, ह्याने काय बिघडते? एक विद्यार्थी आम्हाला असेच विचारत होता. आम्ही त्याच्यापुढे जगाचा नकाशा ठेवला.

नागपूर, जोहान्सबर्ग, ब्राझील, सिडनी आणि दक्षिण ध्रुव. आज ह्यांच्यामध्ये हजारो किलोमीटरचे समुद्र आहेत. १९१२ च्या फेब्रुवारीत कॅप्टन स्कॉटची तुकडी दक्षिण ध्रुवावरून परतताना बिअर्डमोर हिमनदीजवळ थांबली आणि तिने सुमारे सोळा किलो दगड गोळा केले. उपासमार आणि थंडीने सगळे मरण पावले, पण दगड त्यांनी टाकून दिले नव्हते. त्या दगडांत केंब्रिजच्या ॲल्बर्ट सीवर्ड ह्यांना पाने सापडली. १९१४ साली त्यांनी त्यांची ओळख पटवली: ग्लोसॉप्टेरिस इंडिका. भारताच्या नावाचे पान अंटार्क्टिकावर!

हे पान नेच्याचे असेल तर कोडे तितकेसे अवघड राहत नाही. बीजाणू धुळीइतके हलके असतात, वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून जातील. पण वनस्पती बीजधारी असेल, तर काही मिलिमीटरच्या बिया खारे समुद्र ओलांडून प्रत्येक खंडावर पोहोचल्या आणि सगळीकडे तीच अरण्ये उभी राहिली, हे पटणे कठीण. त्यापेक्षा ही सगळी भूमी तेव्हा एकत्र होती, असे मानणे सोपे. एडुआर्ट झ्यूस ह्यांनी १८८५ साली ‘गोंडवनभूमी’ हे नाव दिले, ते ह्याच वनस्पतींच्या आधारे आणि आपल्याच गोंडांच्या प्रदेशावरून. खंड सरकतात हे सर्वमान्य झाले ते १९६० च्या दशकात, समुद्रतळाच्या अभ्यासामुळे. परंतु त्याच्या पुराव्यांच्या यादीत ग्लोसॉप्टेरिस पहिल्या काहींत आहे, आणि तो पुरावा बळकट झाला त्याच्या बियांमुळे.

दगड हातात आल्यावर

आता तुमच्या हातातल्या दगडाकडे वळू. दगड तिरप्या उजेडात धरा. सकाळचे कोवळे ऊन किंवा बाजूने धरलेली विजेरी उत्तम. समोरून पडलेल्या उजेडात बारीक शिरा दिसतच नाहीत. मग दहापट भिंगाखाली ह्या क्रमाने पाहा:

१. पान एकसंध आहे की पर्णिकांचे? पर्णिकांचे असेल, तर पर्णिकेचा तळ देठाला कसा जोडला आहे?

२. मध्यशीर आहे का? ती टोकापर्यंत जाते का? विदर्भातल्या कोळशाच्या पट्ट्यात एकसंध, जाळीदार, मध्यशीर असलेले पान बहुधा ग्लोसॉप्टेरिस. मध्यशीर नसलेले, पण तसेच जाळीदार पान गँगॅमॉप्टेरिस असू शकते.

३. शिरा जाळी करतात की दोन दोन फाटे फुटून कडेपर्यंत मोकळ्या जातात? वर्गात पिंपळाचे, केळीचे आणि नेच्याचे पान शेजारी ठेवून मुलांकडून शिरा काढून घ्या. फरक एकदा बोटांना कळला की डोळ्यांना लगेच दिसतो.

४. पर्णिकांवर ओळीने उंचवटे किंवा खळगे आहेत का? असल्यास नेचा असण्याची शक्यता आहे. भारतातल्या पर्मियन थरांत खरे नेचेही मिळतात. मात्र किडींच्या आणि बुरशीच्या खुणाही ठिपक्यांसारख्या दिसतात. बीजाणुधानींचे ठिपके सारख्या आकाराचे आणि शिरांच्या संदर्भात ठरावीक जागी असतात.

५. पानाचे टोक गुंडाळलेले आहे म्हणून नेचा, असे म्हणू नका. काही बीजी नेच्यांची कोवळी पानेही तशीच गुंडाळलेली असत.

एवढे पाहूनही ठिपके दिसले नाहीत, तर वहीत ‘नेचा’ असे लिहू नका. ‘नेच्यासारखे पान’ असे लिहा. त्यात कमीपणा नाही, उलट तेच अचूक आहे.

दगड फुटला असेल तर दोन्ही तुकडे जपा. एका तुकड्यावर पान आणि दुसऱ्यावर त्याचा ठसा असतो. ठिपके कधी एकावर दिसतात, कधी दुसऱ्यावर. पान उठून दिसावे म्हणून त्यावर तेल, वार्निश किंवा खडू लावू नका आणि शिरा पेनाने गिरवू नका. दोन्ही तुकड्यांवर एकच क्रमांक घाला आणि वहीत गाव, जागा, थराचा रंग, तारीख आणि सापडणाऱ्याचे नाव लिहा. जागेची नोंद नसलेला सुंदर जीवाश्म शोभेची वस्तू होऊन राहतो. खाणीत किंवा कड्याखाली मुलांना नेऊ नका. बाहेरच्या ढिगाऱ्यावरही परवानगीनेच जा. जीवाश्मांसाठी राखलेल्या ठिकाणांतून काहीही उचलू नये, हे तर सांगायलाच नको. मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेले छायाचित्र जवळच्या महाविद्यालयाच्या भूविज्ञान विभागाला पाठवले, तर काम सुरू होते.

टाकून दिलेले डाग

शेवटी आमच्या एका चुकीची कबुली देतो. आम्ही नुकतेच संशोधनाला लागलो होतो. विदर्भातल्या एका खाणीच्या ढिगाऱ्यावर दिवसभर फिरून आम्ही ग्लोसॉप्टेरिसची वीस-पंचवीस देखणी पाने निवडली. बरोबर गावातल्या शाळेचे एक शिक्षक होते. त्यांनी एक दगड पुढे केला. त्यावर अर्धेच पान होते आणि त्याच्या शिरेजवळ नखाएवढा, बारीक खळग्यांचा डाग होता. “हे काय असेल?” त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, “डाग आहे. पान अर्धंच आहे, राहू द्या.” ओझे आधीच खूप झाले होते. दगड ढिगाऱ्यावर परत गेला.

काही महिन्यांनी ग्रंथालयात प्लमस्टेड ह्यांच्या लेखातली चित्रे पाहताना तो डाग आठवला. आम्ही पुन्हा त्या खाणीवर गेलो. ढिगारा तेथे राहिला नव्हता. तो डाग खरोखरच बियांचा अवयव होता की नाही, हे आता कधीच कळणार नाही. आम्ही आणलेली पाने मात्र कपाटात आहेत. तशी पाने जगभरच्या कपाटांत हजारोंनी आहेत.

त्या दिवशी आम्ही सुंदर पाने शोधत होतो, आणि ते शिक्षक न कळणारी गोष्ट शोधत होते. तेव्हापासून कोणी दगड घेऊन आले आणि “हे नेच्याचं पान आहे ना?” असे विचारले, की आम्ही आधी उलट विचारतो, “ह्याच्याबरोबर आणखी काय होतं? ते कुठे ठेवलंय?”